पाठमोरी फुलं

सकाळचं ऊन फुलाच्या तोंडावर पडतं. पाठीला मिळतं ते पाकळीतून गाळून आलेलं. माझ्या ओट्यावरून ही फुलं मला अशीच दिसतात, मागून. खाली हिरवी लवदार वाटी, वाटीभोवती शेंदरी पाकळ्यांची झालर, आणि त्या झालरीत उजेड असा भरलेला, जसा राखेआडचा निखारा. पानं मोठी, खरखरीत. हात लागला की तळव्याला कडवट वास राहतो आणि साबणानं धुतला तरी जेवताना घासाबरोबर नाकात येतो. वारा सुटला की ओळच्या ओळ माना हलवते, पण माझ्याकडं वळून बघत कोणी नाही. माझ्याच अंगणातली, माझ्याच पाण्यावर वाढलेली, आणि तोंडं सगळी पलीकडं!

तरी फुलाची पाठ काही कमी सांगत नाही. कळी उमलली की नाही, पाकळी सुकायला लागली की नाही, आत मुंग्या लागल्यात का, हे मागूनही कळतं. तोंड बघितलं म्हणजेच ओळख पटते असं थोडंच आहे?

ही सूर्यफुलाचीच जात. पण तेलाचं सूर्यफूल एकदांडी असतं आणि एकाच मोठ्या फुलाच्या ओझ्यानं मान टाकून उभं राहतं. हे तसं नाही. झुडूप म्हणावं तर माणसाच्या डोक्यावरून जातं आणि झाड म्हणावं तर एका हातानं मोडतं. फांदीफांदीला फूल, आणि रंग असा भडक की रस्त्यानं जाणारा माणूस गाडी हळू करतो. मी ज्या शाळेत आया होते तिथल्या माळ्यानं मला याची वाळलेली बोंडं दिली. म्हणाला, "मावशी, मेक्सिकन सूर्यफूल आहे, जपून लावा." मेक्सिको कुठं आहे ते मला ठाऊक नाही. माझी शाळा चौथीपर्यंत, आणि चौथीत आम्हाला पुणे जिल्ह्याचा नकाशा होता. पण जिथून कुठून आलं त्याला येरवड्याची माती चालली. इथं जेलच्या भिंतीपासून नदीपर्यंत कोण कुठून आलं आणि राहिलं, ते माणसांना कोणी विचारलं नाही. फुलाला कोण विचारतो?

अक्का त्यांना 'लंबू' म्हणायची.

अक्का म्हणजे माझी नणंद, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लंबू ती स्वतःच होती. बुद्धविहारात पौर्णिमेला कितीही गर्दी असली तरी अक्का कुठं बसली आहे ते दारातून दिसायचं, कारण बसलेल्या बायकांत तिचं डोकं एक वीत वर असायचं. उंच बाई झाकत नाही. गर्दीत झाकत नाही, फोटोत झाकत नाही, आणि लोकांच्या तोंडातूनही सुटत नाही. तिला बघायला आलेला माणूस तिच्या खांद्याला लागत होता म्हणतात. तरी लग्न झालं, मुलगा झाला. मग पटेना, म्हणून मुलाला कडेवर घेऊन ती माहेरी आली. लोक म्हणाले, बाई फार ताठ. ताठ म्हणजे काय? कणा सरळ होता तिचा. बुटक्या बाईचा कणा सरळ असला तर कोणाला दिसत नाही, एवढाच फरक.

सासऱ्यांनी आपल्या जागेचे दोन भाग केले. उत्तरेचा आम्हाला, दक्षिणेचा तिला. दोन बैठी घरं, मध्ये अंगणाची पट्टी. त्या पट्टीत भिंत घातली ती अक्कानंच. मी तेव्हा नवी सून. मला वाईट वाटलं असेल असं समजून ती म्हणाली, "भिंत असली की भांडण होत नाही, इंदू. नसली की रोज आखावी लागते." मला वाईट वाटलं नव्हतं, बरंच वाटलं होतं. पण ते मी बोलले नाही आणि तिनं विचारलं नाही. आमच्यात असलं बोलायची पद्धत नव्हती.

भिंत तिच्या कोपराला लागायची आणि माझ्या गळ्याला. मी धुण्याच्या दगडावर उभी राहायची, ती तिकडं नुसती उभी राहायची, आणि उभ्या आयुष्याचं बोलणं आम्ही त्या भिंतीवरून केलं.

"काल आमटी करपवलीस."

"मग वाटी चाटूनपुसून कशी परत आली?"

"अन्न टाकायचं नसतं म्हणून."

आमच्या डोक्यावरून विमानं जातात. लोहगावला उतरणारी इतकी खाली असतात की पोटाखालची चाकं दिसतात. विमान आलं की येरवड्यातला माणूस वाक्य जिथल्या तिथं थांबवतो आणि ते गेलं की तिथूनच पुढं सुरू करतो. पाहुण्यांना ते वेड्यासारखं वाटतं. अक्काचं आणि माझं तर असं व्हायचं की अर्धी शिवी विमानाच्या आधी आणि अर्धी नंतर. शिवी तेवढ्यात थंड होईल म्हणाल, तर कधी झाली नाही.

मागल्या माघात अक्का न्हाणीघरात पडली. उंच माणूस पडतं तेव्हा जास्त उंचावरून पडतं. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करता येईल, पण हृदयाला झेपेलसं वाटत नाही. मग घरी आणली. डोक्याची बाजू वर होते तसली दवाखान्याची खाट भाड्यानं आणली, ती मागच्या खोलीत खिडकीशी लावली, आणि अक्का तिच्यावर पडली ती पडलीच. खाट तिला आखूड होती. पाय कडेच्या बाहेर यायचे. तिची सून वैशाली पायाखाली स्टूल ठेवून त्यावर उशी ठेवायची. जन्मभर त्या बाईला काहीच मापाचं मिळालं नाही. शेवटी खाट तरी कशी मिळणार?

भिंतीवरचं बोलणं संपलं. अक्का उठू शकत नाही आणि खिडकीतून ओरडण्याइतका तिचा दम उरला नाही. माझं जाणं म्हणाल, तर दोन घरांत भिंत एकच, पण दारं दोन वेगळ्या बोळांत. आमच्या बोळातून बाहेर, डेअरीला वळसा, मग चढ, मग तिचा बोळ. माझे गुडघे असे की चढ बघितला की आधीच दुखायला लागतात. म्हणून रविवारी माझ्या मुलाला सुट्टी असली की त्याच्या गाडीवर बसून जायची.

आजाऱ्याला भेटायला गेलेला माणूस कसा बसतो, बघितलंय का कधी? आजाऱ्याकडं तोंड करून. खिडकीकडं त्याची पाठ असते. मी तशीच बसायची. अक्काच्या खाटेशी एक खुर्ची, तिच्यावर मी, मागं खिडकी. मला दिसायची अक्का, तिच्यामागचा पोपडे आलेला रंग, औषधांची पिशवी. तिला काय दिसतं ते मी वळून कधी बघितलं नाही. बघायचं काय त्यात? खिडकीबाहेर भिंत होती, आणि भिंत मला दोन्ही बाजूंनी पाठ होती. प्लॅस्टर गेलेलं, पावसाळ्यात शेवाळ, उन्हाळ्यात शेवाळाचा काळा डाग.

एकदा तिला विचारलं, "दिवसभर करतेस काय गं?"

"बघत असते."

"काय?"

"दिसेल ते."

"दिसण्यासारखं आहे काय इथं?"

"तुला काय कळतंय," म्हणाली आणि डोळे मिटले.

परत येताना वैशाली दारापर्यंत आली. हळू आवाजात म्हणाली, "मामी, डॉक्टर म्हणाले दिवाळीपर्यंत काढल्या तरी खूप." मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? रडणाऱ्या बायका मला आवडत नाहीत, आणि त्या वेळी वैशालीला आणखी एक रडणारी बाई नको होती.

पण गाडीवर बसल्यावर डोक्यात आलं ते भिंतीचं. म्हटलं, मरेपर्यंत या बाईनं शेवाळ बघायचं का? घरातल्या डब्यात त्या माळ्याची बोंडं पडून होती. सूर्यफुलाची जात सूर्याकडं तोंड करते. पावसाळ्यानंतर सूर्य दक्षिणेकडं झुकतो. माझ्या अंगणात भिंतीशी झाडं लावली तर फुलं भिंतीवरून डोकं काढतील आणि तोंडं बरोबर अक्काच्या खिडकीकडं करतील. भडक रंग, म्हाताऱ्या डोळ्यांनाही दिसेल असा. एवढंच. फार विचार नव्हता त्यात. तिच्यासाठी दुसरं काही माझ्या हातात नव्हतं, आणि हातात बी होतं.

पहिले पाऊस होऊन माती बसली तसं मी पेरलं. मग रोज बघायची. घाई मला कधी कशाची नसते. कुकरच्या शिट्ट्यासुद्धा मी मोजत नाही, वासावरून उतरवते. पण त्या पावसाळ्यात मला घाई होती. तिकडं अक्का दिवसागणिक कमी होत होती आणि इकडं रोपं चार पानांवर अडून बसली होती. मी त्यांना सरळ सांगितलं, "वाढायचं तर वाढा, नाहीतर उपटून मेथी लावते." मी लावलेल्या रोपांना गोडगोड बोलत नाही. शाळेत पोरांनाही बोलत नव्हते, तरी ती वाढली.

आषाढी पौर्णिमेला वर्षावासाचे तीन महिने सुरू झाले. विहारात रोज संध्याकाळी वाचन असायचं, मी गुडघ्यांमुळं जात नव्हते. लाउडस्पीकरवरून ऐकू यायचं तेवढं ओट्यावर बसून ऐकायची आणि झाडं बघायची. श्रावणात ती उठली. उठली म्हणजे अशी की आज गुडघ्याला तर परवा कंबरेला. भिंतीला खांदे लागले, मग भिंत खाली राहिली. ही झाडं उंची घेतात पण मुळं वरवरची. जोराची सर आली की कलंडतात. मी मुलाकडून बांबू रोवून घेतले आणि जुन्या साड्यांचे काठ फाडून एकेक खोड बांधलं. माझ्या लग्नातल्या साडीचा काठ गेला त्यात. जाऊ दे. ती साडी नेसून मी आता कुठं जाणार होते?

अक्काला रविवारी सांगायची, कुठवर आलीत ते.

"अजून किती वाढणार तुझी ती लंबू?" ती विचारायची.

"वाढतील की. तुझ्याही वर जातील."

"एवढी?"

"मग! तू काय समजलीस? दाट होतात चांगली. भिंत दिसणारसुद्धा नाही."

"होऊ देत," म्हणायची आणि छताकडं बघायची.

मला वाटायचं, बाई वाट बघते आहे.

त्याच सुमारास एक नवीनच प्रकार सुरू झाला. रोज सकाळी भिंतीपलीकडून वैशालीची हाक यायची. "मामी! आई विचारतायत, चहा झाला का?" पहिल्यांदा मी बरं म्हणून सांगितलं. पण रोज? झाडांच्या पानांतून तिचं तोंडही धड दिसायचं नाही, नुसता आवाज. एक दिवस मी वैतागून ओरडले, "चहा झाला, भांडी झाली, आंघोळ व्हायची आहे! सांग तुझ्या सासूला, आणि विचार आणखी काय हवंय!" पलीकडं चपला आत गेल्या, परत आल्या. मग वैशाली हसल्यासारखं म्हणाली, "आई म्हणतायत, तोंड चालू आहे ना, मग बास." मला वाटलं, पडून पडून बाई जास्तच आगाऊ झाली.

आणखी एक बदल झाला, तो माझ्या बाजूला. ओट्यावर मी आधी भिंतीकडं पाठ करून बसायची. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून समोरचं ऊन सहन होत नाही, आणि थंडीत पाठ शेकली की बरं वाटतं. भाजी निवडायची, तांदूळ बघायचे, सगळं तसंच पाठमोरं. झाडं उंच झाली तशी ओट्यावर सावली आली. मग मी स्टूल फिरवलं आणि भिंतीकडं तोंड करून बसायला लागले. आपण लावलेलं बघावं असं वाटतं माणसाला.

वर्षावास संपायच्या आत पहिलं फूल आलं. कळी वर सरळ होती, पण उमलताना तिनं मान वळवली आणि सकाळी बघते तर पाठ माझ्याकडं! दुसरीनं तेच केलं, तिसरीनं तेच. मला हसू आलं. एकटीच बसून हसले. ठरवलेलं बरोबर निघालं याचं हसू. लोक म्हणतात सूर्यफूल दिवसभर सूर्यामागं फिरतं. कळी असते तोवर फिरत असेल. पुरतं उमललेलं फूल फिरत नाही. त्याची मान एकदा जिकडं बसली तिकडं बसली. माणसाचंही फारसं वेगळं नाही. तरुणपणी इकडंतिकडं बघून होतं, आणि मग एका दिशेला मान बसते. तिकडं काय असेल नसेल, भिंत असेल, शेवाळ असेल, तेच बघत आयुष्य जातं.

महिन्यात ओळ भरली. रस्त्यावरचे लोक फाटकातून मोबाईलवर फोटो काढायला लागले. मी त्यांना म्हणायची, "पाठीचे कशाला काढता, तोंडं पलीकडं आहेत." वैशालीला भिंतीवरून विचारलं, "दिसतात का गं अक्काला?" कारण खिडकीला डासांची जाळी, बाहेरून बघावं तर नुसता काळा चौकोन. ती म्हणाली, "आतून सगळं दिसतं, मामी. आई दिवसभर तिकडंच तोंड करून असतात." माझं काम झालं होतं. दिवाळी यायची होती, फुलं आली होती, आणि अक्का होती. तिन्ही गोष्टी एकदम मिळाल्या. असं माझ्या आयुष्यात फार वेळा झालेलं नाही.

दसरा झाला. त्यानंतरच्या रविवारी गेले तेव्हा अक्का फारच लहान दिसली. एवढी उंच बाई पांघरुणात कुठं गेली कळेना. आवाज मात्र तसाच.

"इंदू, तुझी ती लंबू वाळतात कधी?"

"दिवाळीनंतर."

"म्हणजे थंडीत मोकळं होईल."

"होईल. उजाड दिसेल."

"दिसू दे."

मला वाटलं, फुलं जाणार म्हणून तिला वाईट वाटतंय. मी म्हटलं, "पुढच्या वर्षी परत लावते. याहून जास्त."

तिनं माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग हसली. "लाव बाई. हौस आहे तुला." आणि काहीतरी पुढं बोलायला लागली, तेवढ्यात विमान आलं. तिचे ओठ हलले, थांबले. विमान गेलं. मी वाट बघितली. उभ्या आयुष्यात तिनं तुटलेलं वाक्य तिथूनच पुढं उचललं होतं.

"काय म्हणत होतीस?"

"काही नाही. गुडघ्याला तेल लाव रात्रीचं."

ते शेवटचं. त्या आठवड्यातच सकाळी वैशालीची हाक आली, आणि चहाचं विचारायला नाही हे मला पहिल्या अक्षरालाच कळलं.

मी कोयत्यानं फुलं कापली. ओंजळी भरभरून कापली. या फुलाचं एक वाईट आहे. फुलाच्या खाली देठ फुगलेला असतो आणि आतून पोकळ. झाडावर ताठ दिसतं, पण कापून हातात घेतलं, जरा धक्का लागला, की मान मोडते. हार होत नाही, गुच्छ होत नाही. मुलाच्या गाडीवरून बोळ ओलांडून जाईपर्यंत माझ्या मांडीवरच्या फुलांच्या सगळ्या माना खाली. तशीच ठेवली तिच्या पायाशी. पांढऱ्या साडीवर तो शेंदरी ढीग काही बरा दिसत नव्हता. कोणीतरी आणलेली पांढरी शेवंती शोभून दिसत होती. मी फुलं परत उचलली नाहीत. शोभायचं कोणाला होतं?

नेताना पाय स्ट्रेचरच्या बाहेर आले होते. चादर ओढली की डोकं उघडं, डोकं झाकलं की पाय. शेवटी वैशालीनं स्वतःची ओढणी काढून पायांवर घातली.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मला अक्काच्या घरी दोन तास आधीच नेऊन बसवलं. त्रिसरण झालं, पंचशील झालं, चार माणसं अक्काबद्दल चांगलं बोलली. ती असती तर म्हणाली असती, जिवंतपणी कुठं गेला होतात? मग जेवणं सुरू झाली. खाली बसून माझे गुडघे धरले होते. वैशाली म्हणाली, "मामी, मागच्या खोलीत जरा आडव्या व्हा. खाट अजून परत दिली नाही." मी नको म्हटलं, तिनं ऐकलं नाही.

डोक्याची बाजू तशीच वर केलेली होती. मी पडले. आणि पहिल्यांदा, एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा, खिडकी माझ्या समोर आली.

तोंडं! सगळी फुलं माझ्याकडं बघत होती. शेंदरी पाकळ्यांच्या मधोमध पिवळी चकती, आणि अशी तोंडं भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, खाली-वर, पुढं-मागं, दाटीनं. मी मागून पाहिली होती त्यापेक्षा कितीतरी जास्त भडक. दुपारचं ऊन सरळ त्यांच्यावर होतं. सुंदर होती, खोटं कशाला बोलू? माझ्या हातून एवढं सुंदर दुसरं काही झालं असेल असं मला वाटत नाही.

मग माझ्या लक्षात आलं की अक्काचं घर चढावर आहे. जोतं उंच, त्यात खाट उंच. इथून आमची भिंत आडवी येतच नव्हती. ती खाली, पायाशी राहत होती. फुलांच्या ओळीत एका ठिकाणी एक फांदी वाऱ्यानं मोडून लोंबत होती, तिथं हाताच्या पंजाएवढी फट होती. त्या फटीतून काहीतरी निळं दिसत होतं. मी डोळे बारीक केले. माझ्या ओट्यावरचं निळं पिंप. त्याच्या शेजारी माझं स्टूल.

वैशाली चहा घेऊन आली.

मी विचारलं, "झाडं नव्हती तेव्हा इथून काय दिसायचं गं?"

"तुमचा ओटा, मामी." तिनं सहज सांगितलं. "म्हणून तर आईंनी खाट इथं लावायला लावली. पुढच्या खोलीत पंखा चांगला आहे, मी किती सांगितलं. ऐकलं नाही. सकाळी डोळा उघडला की आधी इकडं बघायच्या. म्हणायच्या, 'इंदूची पाठ दिसतेय. म्हणजे आहे.'"

"आणि झाडं आल्यावर?"

तिनं कप माझ्या हातात दिला. "मग मला हाक मारायला लावायच्या. चहा झाला का विचार म्हणून."

"मला का नाही सांगितलंस?"

"मी म्हटलं त्यांना, मामींना सांगते, दोन झाडं काढतील. तर माझ्यावर ओरडल्या. म्हणाल्या, 'खबरदार. तिनं हौसेनं लावलीत. तिला आयुष्यात हौस करायला मिळाली कधी?'"

मी चहा प्यायले. साखर जास्त होती. फुलं माझ्याकडं बघत होती आणि मी त्यांच्याकडं.

आता कोणी म्हणेल की यात चूक कोणाची? कोणाची नाही. मी तिला चांगलं दिसावं म्हणून झाडं लावली. मला वाईट वाटू नये म्हणून ती गप्प बसली. दोघींनी एकमेकींना द्यायचं ते दिलं, आणि मध्ये एवढं मोठं रान माजलं. आमच्यात असलं बोलायची पद्धत नव्हती असं मी वर मोठ्या तोऱ्यात लिहिलंय. पद्धत नव्हती, खरं आहे. पण पद्धत काय आकाशातून पडते? एक वाक्य पुरलं असतं. 'इंदू, मला तू दिसत नाहीस.' एवढंच. विमान यायच्या आत म्हणून झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोयता घेतला आणि त्या खिडकीसमोरची झाडं बुडापासून कापली. पोकळ खोडं, एका घावात एक. मुलगा दात घासत बाहेर आला. "आई, ऐन फुलात कशाला तोडतेस?" मी म्हटलं, "अडचण होत होती." तो बरं म्हणून आत गेला. साड्यांचे काठ सोडवून घेतले, बांबू काढून ठेवले. बाकीची ओळ दोन्ही बाजूंना तशीच आहे, अजून फुलते आहे, पाठमोरी. मधे दारासारखी जागा झाली आहे, आणि तिच्यातून पलीकडचा काळा चौकोन दिसतो. खाट दुकानदार घेऊन गेला. जाळीमागं आता कोण नाही.

झाडं गेल्यामुळं त्या जागेतून ऊन सरळ माझ्या डोळ्यांत येतं. पहिल्या दिवशी डोळ्यांवर हात धरून बसून बघितलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ऑपरेशनच्या डोळ्यांना ऊन चालत नाही. मग उठले, स्टूल फिरवलं आणि पूर्वीसारखी बसले, खिडकीकडं पाठ करून, मांडीवर तांदळाचं ताट घेऊन. पाठ हळूहळू शेकत गेली. दोन्हीकडून त्या कडवट पानांचा वास येत होता. फुलं माझ्या मागं होती, त्यांची तोंडं तिकडं, माझं इकडं.

चांगलं तासभर बसले. तांदूळ केव्हाच निवडून झाले होते.